शोनेन जंप आणि त्यातल्या मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आपल्यापर्यंत येते ती पुस्तकातून, ॲनिमेतून (जपानी ॲनिमेशनमधून) किंवा फोनवरून. तिचा जन्म मात्र साप्ताहिकात झालेला असतो. अचानक गुंडाळलेल्या कथा, वर्षानुवर्षं चालणाऱ्या लढाया, एकमेकांशी न जुळणाऱ्या तारखा, कोट्यवधींचे आकडे, यांबद्दलचे बहुतेक प्रश्न साप्ताहिक कसं चालतं हे कळलं की सुटतात. म्हणून खालची उत्तरं मुख्यतः शुएइशा या जपानी प्रकाशनाच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकाभोवती आहेत. इतर प्रकाशकांच्या मालिका गरज पडेल तिथे येतात.

१. मांगा म्हणायचं की मंगा? आणि कॉमिक्सपेक्षा त्यात वेगळं काय?

जपानी उच्चार दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो, त्यामुळे दोन्ही चालतात. इथे 'मांगा' लिहिलं आहे. खुद्द जपानमध्ये हा शब्द कुठल्याही चित्रकथेला लावतात, मग ती वर्तमानपत्रातली चार चौकटींची पट्टी असो की शंभर खंडांची मालिका. मोठे डोळे आणि टोकदार केस ही मांगाची ओळख मानली जाते, पण शैली लेखकागणिक बदलते. टिकाऊ फरक छपाईच्या आणि मालकीच्या पद्धतीत आहे. कथा काळ्यापांढऱ्या चित्रांत, अंकातून क्रमशः येते आणि मग खंडांत बांधली जाते. ती बहुधा एकाच निर्मात्याच्या नावावर असते आणि कधीतरी संपते. अमेरिकन सुपरहिरो कंपनीचा असतो, त्याला लेखक बदलून मिळत राहतात. 'वन पीस' या मांगाचा नायक लुफी मात्र तिचे लेखक एइइचिरो ओदांचाच.

२. जंप हे नक्की काय आहे? मासिक, कंपनी की ॲप?

मुळात साप्ताहिक. जुलै १९६८ मध्ये ते पाक्षिक म्हणून सुरू झालं. पहिल्या अंकाची किंमत ९० येन होती आणि छपाई १,०५,००० प्रतींची. १९६९ मध्ये ते साप्ताहिक झालं. कोदान्शाचं 'शोनेन मॅगझिन' आणि शोगाकुकानचं 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं १९५९ पासून बाजारात होती आणि नावाजलेले चित्रकार त्यांच्याकडे बांधले गेले होते. जंपला नवोदितांवर भागवावं लागलं. पुढे ही अडचणच त्यांची रीत झाली: नवा मुलगा शोधायचा, त्याला करारात बांधायचं आणि वाचकांच्या मतांवर जगू किंवा मरू द्यायचं (प्रश्न ५).

अंक साधारण शाळेच्या वहीच्या आकाराचा, पण चारपाचशे पानांचा असतो. कागद खरखरीत, पुनर्वापराचा, बऱ्याचदा रंग दिलेला. वीसेक मालिकांची एकेक प्रकरणं त्यात असतात. अंक सोमवारी येतो, गाडीत वाचला जातो आणि रद्दीत जातो. जपून ठेवायची गोष्ट म्हणजे खंड. त्याच नावाची ॲप्स नंतरची आहेत (प्रश्न १६).

३. अंकातली मालिका पुस्तकात कशी येते? एका खंडात किती प्रकरणं असतात?

लेखक आधी 'नेम' काढतो, म्हणजे चौकटी आणि संवादांचा कच्चा आराखडा. संपादकाने तो मान्य केला की बी-४ आकाराच्या कागदावर पेन्सिल, मग शाई, मग करड्या छटांसाठी ठिपक्यांचे स्क्रीनटोन. पार्श्वभूमी आणि टोनचं काम सहायक करतात. अंकात छापताना चित्र बी-५ वर उतरतं, खंडात आणखी लहान होतं. म्हणूनच दोन पानांवर पसरलेलं भव्य चित्र खंडात शिवणीपाशी गिळलं जातं.

साप्ताहिक प्रकरण साधारण १९ पानांचं असतं. खंड म्हणजे तान्कोबोन, दोनशे पानांच्या आसपास. त्यामुळे एका खंडात ९-१० प्रकरणं मावतात. 'नारुतो' ७०० प्रकरणं आणि ७२ खंड, 'स्लॅम डंक' २७६ आणि ३१, 'डेमन स्लेयर' २०५ आणि २३. 'ड्रॅगन बॉल'चा हिशेब मात्र वेगळा लागतो: ५१९ प्रकरणं ४२ खंडांत, म्हणजे खंडाला बारांहून जास्त. लेखक अकिरा तोरियामांची प्रकरणं पंधराएक पानांचीच असायची, हे त्याचं कारण.

४. शोनेन, शोजो, सेइनेन म्हणजे कथेचे प्रकार ना?

नाही, ते साप्ताहिकांचे किंवा मासिकांचे वर्ग आहेत. शोनेन म्हणजे मुलगे, शोजो म्हणजे मुली, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष, जोसेइ म्हणजे प्रौढ स्त्रिया. मालिका ज्या मासिकात छापली जाते त्याचं लेबल तिला चिकटतं. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये माणसं चावून खाल्ली जातात, तरी ती शोनेन आहे, कारण ती 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन' या मासिकात आली. आणि लेखक पुरुषच असतो असंही नाही: 'फुलमेटल अल्केमिस्ट' हिरोमु आराकावा या लेखिकेची आहे.

जपानी प्रत हातात आली तर एक सोपी खूण पाहा. शोनेन अंकांत कांजी अक्षरांशेजारी बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार, छापलेला असतो, कारण प्राथमिक शाळेतल्या मुलालाही वाचता यायला हवं. सेइनेनमध्ये तो सहसा नसतो. जपानी शिकणाऱ्यांनी म्हणूनच शोनेनपासून सुरुवात करावी.

५. चांगली चाललेली मालिका दोन खंडांत अचानक का गुंडाळली?

बहुधा पोस्टकार्डांमुळे. जंपच्या अंकात वाचक-मतपत्रिका असते. त्यात आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या. (आता ऑनलाइनही मत देता येतं.) नव्या मालिकेला सुरुवातीची काही प्रकरणं मिळतात. ती खालच्या क्रमांकात अडकली तर दहाव्या आठवड्याच्या सुमारास बंद करायचा निर्णय होतो. पुढचं काम आधीच हातात असल्यामुळे कथा आणखी थोडी चालते आणि मग दोनचार प्रकरणांत घाईने मिटवली जाते. जपानी वाचकांत 'दहा आठवड्यांत कापली' हा वाक्प्रचारच आहे. खलनायकाचं नाव पहिल्या खंडात आलं आणि दुसऱ्या खंडात तो अर्ध्या पानात मेला, असं दिसलं तर समजून जा.

अंकातल्या अनुक्रमावरून लोकप्रियता ओळखण्याचा खेळ वाचक खेळतात. मागे गेलेली मालिका धोक्यात, असा ठोकताळा आहे. तो बऱ्याचदा जुळतो. पण रंगीत पानं आणि उशिरा आलेली प्रकरणं यांमुळे क्रम बदलतो, म्हणून एका अंकावरून निष्कर्ष काढू नका.

६. मग उलट, गाजलेल्या मालिका संपतच का नाहीत?

कारण गाजलेल्या मालिकेवर अंकाचा खप, खंड, ॲनिमे, खेळणी आणि व्हिडिओ गेम उभे असतात. 'ड्रॅगन बॉल' सुरुवातीला साहसकथा होती आणि मतांमध्ये डळमळत होती. कुस्तीच्या आखाड्यासारखी तेनकाइची स्पर्धा आणल्यावर तिने उसळी घेतली. एकाला हरवलं की त्याहून मोठा समोर, हा साचा तिथून इतर मालिकांत पसरला. शिखरावर असताना थांबलेल्यांत 'डेमन स्लेयर'चं नाव घ्यावं लागेल. कोयोहारु गोतोगे यांनी ती फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० अशी सव्वाचार वर्षांत पूर्ण केली. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या चित्रपटाने जपानमध्ये ४,००० कोटी येनांहून अधिक कमाई केली, आणि डिसेंबरात शेवटच्या खंडाची पहिली छपाई ३९.५ लाखांची होती. ताणल्याशिवाय पैसा मिळत नाही, हे म्हणणं या एका मालिकेने खोडून काढलं.

७. एकाच मालिकेच्या सुरुवातीची तारीख दोन ठिकाणी वेगळी का दिसते?

अंकावर छापलेली तारीख आणि तो विक्रीला येण्याची तारीख वेगवेगळ्या असतात. छापील तारीख साधारण दोन आठवडे पुढची असते, म्हणजे अंक स्टॉलवर शिळा दिसत नाही. 'वन पीस'चं पहिलं प्रकरण १९९७ च्या ३४ व्या अंकात आहे. त्यावर ४ ऑगस्ट छापलंय, पण अंक बाजारात आला २२ जुलैला. 'ड्रॅगन बॉल' १९८४ च्या ५१ व्या अंकात, विक्री २० नोव्हेंबरला. विक्रीची तारीख धरावी.

अंक क्रमांकावरून आठवडा काढायला गेलात तरी चुकेल. नववर्ष, मेमधली सुट्टी आणि ऑगस्टमधला ओबोन यांच्या आसपास जोडअंक निघतात, त्यामुळे वर्षाला ५२ अंक कधीच होत नाहीत.

८. जंपचा सर्वाधिक खप किती होता? आणि तो घसरला का?

६५.३ लाख. हा १९९५ चा ३-४ क्रमांकाचा जोडअंक, प्रत्यक्षात डिसेंबर १९९४ मध्ये विक्रीला आलेला. तेव्हा 'ड्रॅगन बॉल' आणि 'स्लॅम डंक' एकाच अंकात चालू होत्या. पहिली १९९५ मध्ये संपली, दुसरी १९९६ मध्ये, आणि १९९७ मध्ये 'शोनेन मॅगझिन'ने जंपला मागे टाकलं. 'वन पीस' आणि 'नारुतो' स्थिरावल्यावर २००२ मध्ये पहिला क्रमांक परत आला, पण ६५ लाख परत आले नाहीत. २०१७ मध्ये छापील खप २० लाखांखाली गेला.

यातून मांगा मरत चालली असा अर्थ काढू नका. वाचक अंकाकडून खंडाकडे आणि फोनकडे सरकला. 'शोनेन जंप प्लस' हे डिजिटल व्यासपीठ सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, आणि 'स्पाय × फॅमिली' कागदी अंकात न येता २०१९ मध्ये थेट तिथेच सुरू झाली. कागदावर तिची पहिली भेट खंडातूनच झाली.

९. 'वन पीस'च्या ५० कोटी प्रती विकल्या गेल्या हे खरं का?

आकडा खरा आहे, 'विकल्या' हा शब्द खरा नाही. जपानी प्रकाशक जो आकडा देतात तो 'हाक्को बुसू', म्हणजे छापून वितरित केलेल्या प्रतींचा. हल्ली त्यात डिजिटल प्रतीही धरतात. ५० कोटींचा टप्पा २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यात परदेशी आवृत्त्याही आहेत. २०१५ मध्ये गिनेसने नोंदवलेला ३२,०८,६६,००० हा आकडाही 'प्रकाशित' प्रतींचाच होता.

दुसरी चूक म्हणजे ५० कोटी प्रती म्हणजे ५० कोटी वाचक मानणं. शंभर खंड घेणारा एक वाचक शंभरदा मोजला जातो. मालिकांची तुलना करायची तर एकूण आकड्याला खंडसंख्येने भागा, किंवा एका खंडाची पहिली छपाई बघा. 'वन पीस'च्या ६७ व्या खंडाची पहिली छपाई ४०.५ लाख होती. ती २०१२ ची गोष्ट. 'डेमन स्लेयर'चा शेवटचा खंड (प्रश्न ६) त्याच्या अगदी जवळ पोचला.

१०. 'ड्रॅगन बॉल झेड' वाचायचंय. ते 'ड्रॅगन बॉल'नंतरचं वेगळं पुस्तक आहे का?

जपानमध्ये 'झेड' नावाची मांगा नाही. १९८४ ते १९९५ अशी एकच मालिका, एकच नाव, ४२ खंड. 'झेड' हे १९८९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या ॲनिमेचं नाव. अमेरिकेत व्हिझने पुस्तकं काढताना ॲनिमेच्या प्रेक्षकाला ओळख पटावी म्हणून मालिका दोन नावांत वाटली: पहिले १६ खंड 'ड्रॅगन बॉल' आणि पुढचे २६ 'ड्रॅगन बॉल झेड'. म्हणजे इंग्रजी 'झेड'चा पहिला खंड म्हणजे जपानी १७ वा. 'झेड १' आणि साधा '१' शेजारी ठेवून एकच समजून घेतलेली जोडी परत करायला येणारे पुष्कळ असतात. घेण्याआधी मुखपृष्ठावरचं नाव पुरतं वाचा. 'ड्रॅगन बॉल सुपर' मात्र खरंच वेगळी मालिका आहे. २०१५ पासून 'व्ही जंप' मासिकात, चित्रं तोयोतारो यांची.

११. सोन गोकू म्हणजे हनुमान का? शेपूट आहे, उडतो, काठी आहे.

'ड्रॅगन बॉल'चा नायक असलेल्या गोकूचं मूळ 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतल्या सुन वुकाँग या वानरात आहे. सोन गोकू हा त्याच नावाचा जपानी उच्चार. लांबणारी काठी आणि उडता ढग तिथूनच आले. सुन वुकाँगच्या मागे हनुमान आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे, त्यामुळे 'गोकू म्हणजे हनुमान' असं ठोकून देऊ नये.

आपल्याशी पक्का धागा वेगळाच आहे. त्या कादंबरीत वानर ज्या भिक्षूचं रक्षण करतो तो खऱ्या ह्युएन त्सांगवरून घेतलेला. शाळेच्या इतिहासात दुसऱ्या पुलकेशीच्या धड्यात भेटणारा, महाराष्ट्रातल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून ठेवणारा चिनी प्रवासी तो हाच. 'ड्रॅगन बॉल'ने भिक्षू गाळला, वानर ठेवला आणि पोथ्यांच्या जागी सात गोळे आणले.

१२. ॲनिमे पाहून झालाय. मांगा कुठल्या खंडापासून धरू?

'नारुतो': पहिल्या ॲनिमेचे २२० भाग आहेत, पण मूळ कथा १३५ व्या भागापाशी थांबते. पुढचं जवळजवळ सगळं भरताड आहे. ॲनिमे आठवड्याला एक भाग खातो, मांगा आठवड्याला १९ पानं देते, त्यामुळे ॲनिमे मांगाला गाठतो आणि वेळ काढत बसतो. 'शिप्पुदेन' या दुसऱ्या ॲनिमेची कथा २४५ व्या प्रकरणापासून, म्हणजे खंड २८ पासून. मधला २७ वा खंड टाळू नका, त्यातली काकाशीची पूर्वकथा पुढे कळीची ठरते.

'डेमन स्लेयर': पहिलं पर्व ५३ व्या प्रकरणापर्यंत, आगगाडीचा चित्रपट (प्रश्न ६ मधला) ५४ ते ६६. म्हणजे पर्वानंतर खंड ७ पासून, चित्रपटानंतर खंड ८ पासून.

'ड्रॅगन बॉल झेड': वरचा प्रश्न १० पाहा.

१३. पुस्तक उलटं का छापलंय? आधीच्या काही इंग्रजी आवृत्त्या तर सरळ होत्या.

जपानी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून चौकटीही तशाच. वरची उजवी चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, आणि चौकटीतले संवादाचे फुगेही याच क्रमाने. पहिल्या खंडानंतर डोळा सरावतो.

१९८०-९० च्या दशकांत इंग्रजी प्रकाशक पानं आरशात धरल्यासारखी उलटवून छापायचे. त्यामुळे उजवे लोक डावरे होत, किमोनोची घडी मृताला नेसवतात तशी पडे आणि चित्रातल्या पाट्या वाचता येईनात. तोरियामांच्या मालिकेची पानं न उलटवता छापली गेली. २००२ मध्ये टोकियोपॉपने सरसकट मूळ दिशा स्वीकारली. खर्चही वाचला आणि 'अस्सल' म्हणून जाहिरातही झाली. पुढे तोच रिवाज पडला.

१४. काही पात्रांवर स्वस्तिक आहे आणि ॲनिमेत ते पुसलंय. का?

जपानी 'मानजी' हे बौद्ध चिन्ह आहे. जपानच्या नकाशांवर देवळाची खूण म्हणून ते आजही छापतात. त्याचे हात आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळतात. 'नारुतो'तल्या नेजीच्या कपाळावर मांगात मानजी आहे. ॲनिमे युरोप-अमेरिकेत जाणार म्हणून तिथे फुली आली.

पानं उलटवण्याचा (प्रश्न १३) इथे भलताच घोळ होतो. आरशात मानजीची दिशा फिरते आणि ती नेमकी नाझी चिन्हाची होते. हिरोआकी सामुरा यांच्या 'मुगेन नो जूनिन' मालिकेत नायकाचं नावच मानजी आणि पाठीवर तेच चिन्ह. इंग्रजी आवृत्तीसाठी पानं न उलटवता एकेक चौकट कापून डावीकडून उजवीकडे नव्याने मांडली गेली. काम किचकट आणि महाग, आणि काही पानांची मूळ रचना त्यात मोडली, पण चित्रं आरशातल्यासारखी उलटवणं टळलं.

१५. भारतात कुठली आवृत्ती घ्यावी? आणि बनावट प्रत कशी ओळखायची?

व्हिझची इंग्रजी पुस्तकं इथे सायमन अँड शुस्टर इंडिया वितरित करते. लांब मालिकेला तीन पर्याय असतात: सुटे खंड, तीन खंड एकत्र बांधलेली जाड आवृत्ती, आणि पेटी. 'नारुतो'च्या तीन पेट्या आहेत: १-२७, २८-४८ आणि ४९-७२. 'वन पीस'ची पहिली पेटी १-२३ ची. तीन-एकत्र आवृत्ती स्वस्त पडते, पण ती जाड असल्यामुळे मधली चित्रं शिवणीत जातात आणि जोर देऊन उघडली की पाठ मोडते. चालू मालिका असेल तर सुटे खंडच घ्या, कारण जाड आवृत्ती नेहमी मागे असते.

बनावट प्रती मुख्यतः ऑनलाइन आणि फुटपाथवर फिरतात. तपासायचं ते असं. करडा भाग डोळ्यांजवळ धरा. मूळ चित्रात तो बारीक ठिपक्यांचा असतो. छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांवर ठिपके पडतात आणि दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यासारख्या लाटा दिसतात. काळा भाग राखाडी पडलेला असतो. कडेची चित्रं आणि पानांचे क्रमांक कापलेले सापडतात. पट्टी लावा: व्हिझचा साधा शोनेन खंड सुमारे १२.७ × १९ सेंटीमीटर असतो. मलपृष्ठावरचा बारकोड धूसर असेल किंवा त्याचा आयएसबीएन दुसऱ्याच खंडाचा निघाला तर प्रत परत करा. नुसत्या कमी किमतीवरून ठरवू नका, खऱ्या पुस्तकांवरही मोठी सूट मिळते.

१६. नवं प्रकरण कायदेशीरपणे आणि फुकट कुठे वाचता येतं?

शुएइशाच्या 'मांगा प्लस' या ॲपवर, जानेवारी २०१९ पासून. चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात. जंपचं प्रकरण जपानमध्ये सोमवारी रात्री बाराच्या ठोक्याला उघडतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठ. जोडअंकाच्या पुढच्या आठवड्यात (प्रश्न ७) काहीच येत नाही. 'ॲप बिघडलं का?' हे विचारणारे निरोप त्याच रविवारी सर्वांत जास्त येतात. मधली जुनी प्रकरणं हवी असतील तर व्हिझच्या सशुल्क शोनेन जंप सेवेत भारतातून नोंदणी करता येते.

१७. मराठीत मांगा मिळते का? निदान हिंदीत?

वर सांगितलेल्या ॲप्सवर मराठी नाही. हिंदीत मात्र एक मोलाचं काम झालंय: तोमोको किकुची यांनी केइजी नाकाझावांच्या हिरोशिमावरच्या मालिकेचं 'नंगे पैर गेन' हे भाषांतर केलं. अणुबॉम्बमधून वाचलेल्या लेखकाची ही कथा १९७३ मध्ये सुरू झाली ती याच शोनेन जंपमध्ये, मारामारीच्या मालिकांच्या शेजारी. जंप म्हणजे नुसत्या लढाया, असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं.

१८. लेखक आजारी पडला किंवा वारला तर मालिकेचं काय होतं?

ठरलेला नियम नाही. योशिहिरो तोगाशींची 'हंटर × हंटर' १९९८ पासून चालू आहे. पाठदुखीमुळे ती नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२२ अशी जवळपास चार वर्षं थांबली, आणि नंतर तिला साप्ताहिकाचं बंधनच काढलं. 'बेर्सेर्क'चे केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये गेले. त्यांनी शेवटपर्यंतची कथा कोउजी मोरी या मित्राला सांगून ठेवली होती. मोरींच्या देखरेखीखाली मिउरांच्या सहायकांच्या स्टुडिओने जून २०२२ मध्ये काम पुढे सुरू केलं. 'गोल्गो १३'चे ताकाओ साइतो सप्टेंबर २०२१ मध्ये वारले, पण त्यांच्याकडे कामाची वाटणी आधीपासून कारखान्यासारखी होती, म्हणून ती मालिका फारशी अडली नाही. अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. त्यांची मूळ मालिका तर १९९५ मध्येच पूर्ण झाली होती.

१९. सर्वांत लांब मालिका 'वन पीस'च ना?

खंडांच्या हिशेबाने नाही. 'गोल्गो १३' १९६८ पासून चालू आहे. जुलै २०२१ मध्ये २०१ वा खंड काढून तिने 'कोचिकामे'चा २०० खंडांचा विक्रम मोडला. 'कोचिकामे' ही जंपमधली पोलीस चौकीची विनोदी मालिका. ओसामु आकिमोतो यांनी १९७६ ते २०१६ या चाळीस वर्षांत एकही अंक चुकवला नाही. आकड्यांच्या गर्दीत हा विक्रम झाकला जातो, आमच्या मते तो ६५ लाखांपेक्षा मोठा आहे.

२०. मांगामुळे खरंच काही बदललं का, की नुसते चाहते वाढले?

खेळांत बदल स्पष्ट दिसतो. 'कॅप्टन त्सुबासा' १९८१ मध्ये सुरू झाली तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग नव्हती. ती १९९३ मध्ये आली. श्रेय एकट्या मालिकेचं नाही, पण फुटबॉल खेळणारी मुलांची एक पिढी तिने घडवली. अरब देशांत तिचा नायक 'कॅप्टन माजिद' म्हणून घरोघरी पोचला. २००४ मध्ये इराकमधल्या समावात जपानी दलाने पाण्याच्या टँकरवर त्याचीच चित्रं चिकटवली होती. 'स्लॅम डंक'ने बास्केटबॉलसाठी तेच केलं आणि लेखक ताकेहिको इनोउए यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये खेळाडूंना अमेरिकेत शिकण्यासाठी मालिकेच्याच नावाची शिष्यवृत्तीही सुरू झाली. 'हिकारु नो गो'ने आजोबांचा समजला जाणारा गो हा पटावरचा खेळ शाळकरी मुलांच्या हातात दिला.

कामाकुराजवळच्या एनोदेन रेल्वेच्या फाटकावर फोटोसाठी गर्दी होते ती 'स्लॅम डंक'मुळेच, पण ते दृश्य ॲनिमेच्या सुरुवातीच्या गाण्यातलं आहे. मांगात ते शोधत बसू नका.

आपत्तीत काय घडलं तेही पाहा. मार्च २०११ च्या भूकंपानंतर सेंदाइत अंक पोचेना. एका वाचकाने शेजारच्या यामागाता प्रांतातून आणलेली जंपची एकच प्रत एका पुस्तकाच्या दुकानाने दारात 'वाचायला या' म्हणून ठेवली. शंभराहून जास्त मुलांनी ती हाताळली, पानं चुरगळून मऊ पडेपर्यंत. २०१६ च्या भूकंपानंतर कुमामोतोचे सुपुत्र असलेल्या ओदांनी ८० कोटी येन दिले. तिथल्या प्रशासकीय इमारतीसमोर आज लुफीचा पुतळा आहे आणि उरलेली टोळी प्रांतभर विखुरली आहे.

२१. नेपाळच्या आंदोलनात तो गवती टोपीवाल्या कवटीचा झेंडा कशासाठी होता?

तो 'वन पीस'मधल्या लुफीच्या टोळीचा झेंडा. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडोनेशियात आणि सप्टेंबरात काठमांडूत तो दिसला, सिंहदरबाराच्या फाटकावरसुद्धा. कथेत भ्रष्ट जागतिक सरकारविरुद्ध उभे राहणारे चाचे आहेत, आणि एका प्रसंगात लुफी सरकारचा झेंडा जाळायला लावतो. कुठल्याही पक्षाचा नाही आणि भाषांतराशिवाय समजतो, म्हणून तरुणांना तो सोयीचा पडला.

मांगातलं पात्र रस्त्यावर येणं जपानला मात्र जुनं. 'आशिता नो जो' ('उद्याचा जो') या मुष्टियुद्धाच्या मालिकेत रिकीइशी हे पात्र मेलं तेव्हा २४ मार्च १९७० रोजी कोदान्शाच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. सातशेच्या आसपास माणसं आली होती. आठवड्याभरात विमान पळवणाऱ्या डाव्या तरुणांनी 'आम्ही उद्याचे जो आहोत' असं जाहीर केलं.

२२. भारतावर किंवा मुंबईवर एखादी मांगा आहे का?

ओसामु तेझुकांची 'बुद्ध', १९७२ ते १९८३. कपिलवस्तूपासून सुरू होते. चाप्रा आणि तत्तासारखी पात्रं तेझुकांनी स्वतः रचली आहेत, ती बौद्ध ग्रंथांत शोधू नका. भारतात तिची इंग्रजी आवृत्ती हार्परकॉलिन्सने काढली.

मुंबईची गोष्ट ॲनिमेची आहे. १९६६ ते १९७१ मधल्या 'क्योजिन नो होशी' या बेसबॉलच्या मालिकेवरून 'सूरज: द रायझिंग स्टार' हा ॲनिमे बनला आणि डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आला. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, तोक्योच्या जागी मुंबईतला गरीब घरातला मुलगा. बापाने मुलाला रगडून तयार करण्याचा भाग मात्र फारसा बदलावा लागला नाही.

२३. अंकात वाचलेला शेवट आणि खंडातला शेवट वेगळा कसा?

खंड बांधताना लेखकाला दुरुस्तीची संधी मिळते. घाईत काढलेले चेहरे सुधारले जातात, टोन भरले जातात, कधी संवाद बदलतात. अंकातली रंगीत पानं खंडात करडी होतात. 'नारुतो'चं ७०० वं प्रकरण १० नोव्हेंबर २०१४ च्या अंकात पूर्ण रंगीत होतं, ते साध्या खंडात तसं दिसत नाही. 'अटॅक ऑन टायटन' एप्रिल २०२१ मध्ये मासिकात संपली आणि ३४ व्या खंडात शेवटी जादा पानं जोडली गेली. ती पानं शेवटाचा सूर बदलतात. म्हणून फक्त मासिकातलं प्रकरण वाचून वाद घालणारा आणि खंड वाचून वाद घालणारा, दोघं वेगवेगळ्या शेवटांवर भांडत असतात. वादाआधी विचारून घ्या: अंक वाचला की खंड?